चंबूतला सागर : जीवसृष्टीच्या आरंभाचे रसायन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कलाशाखेची पदवी घेऊन उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेल्या मनुष्याने रसायनशास्त्रावर बोलावे, हे धारिष्ट्यच होय. तथापि विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला. गणेशोत्सवातील गप्पांत कोणी म्हणते, ‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जीव निर्माण केला’. लगेच दुसरे कोणी म्हणते, ‘छे, सारे थोतांड!’ आमच्या मते ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. घरातील मुलेबाळे यांपैकी एखादे खरे धरून बसण्यापूर्वी प्रत्यक्षात काय घडले, ते आपण वडीलधाऱ्यांनी तरी नीट जाणून घ्यावयास हवे.

या प्रश्नाला आधुनिक रूप देणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या या भुवनेश्वर नगरीतच निवर्तले. ते जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ साली ते ब्रिटन सोडून भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी येथे त्यांचा अंत झाला. देह त्यांच्या इच्छेनुसार काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. १९२९ साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. आरंभीच्या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता. सूर्याचे अतिनील किरण थेट पाण्यावर पडत. त्यांच्या योगाने सेंद्रिय द्रव्ये तयार होऊन साठत गेली आणि सागराला ऊन, पातळ सारासारखे रूप आले, असा त्यांचा तर्क होता. रशियात ओपारिन यांनी १९२४ सालीच स्वतंत्रपणे अशाच दिशेने विचार मांडला होता. परंतु तर्क तो तर्कच. त्याला कसोटीवर घासण्यास आणखी दोन तपे जावी लागली.

ते काम शिकागो विद्यापीठातील स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने केले. त्याचे गुरू हॅरॉल्ड युरी हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. या फंदात पडू नये, हाती काही लागायचे नाही, असेच युरींचे प्रथम मत होते. मिलरने काचेची बंदिस्त उपकरणी तयार करविली. खालच्या चंबूत पाणी, तो सागर; वरच्या चंबूत मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन, ते आकाश. पाणी उकळावे, वाफ वर जावी, तेथे विजेच्या ठिणग्या अखंड पडाव्यात, मग ती वाफ थंड होऊन पावसासारखी परत सागरात यावी. एका दिवसात पाण्यावर गुलाबी छटा आली. आठवड्याअखेर ते गडद लाल आणि गढूळ झाले. टिपकागदासारख्या कागदावर त्यातील द्रव्ये वेगळी करून पाहता ग्लायसिन आणि ॲलनिन ही अमिनो आम्ले निःसंशय मिळाली. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या माळेतील मणी. मे १९५३ मध्ये हा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला, तो एकट्या मिलरच्या नावाने. आपले नाव घातले तर सारे श्रेय आपल्याकडे येईल, म्हणून युरींनी ते काढून घेतले. हाताखालच्या माणसाच्या टिपणीवर आपली सही ठोकून ती वर पाठविणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून या गोष्टीचे आम्हांस विशेष वाटते.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या दप्तरदारी माणसाला मोहविते. मिलरने जुन्या प्रयोगांतील वाळलेले अवशेष लहान कुप्यांत घालून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवले होते. २००७ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याचे शिष्य जेफ्री बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ठिणग्यांवर वाफेचा झोत सोडणाऱ्या एका जुन्या उपकरणीतील कुप्या नव्या यंत्रांनी तपासल्या, तेव्हा त्यांत बावीस अमिनो आम्ले सापडली. अर्धशतकापूर्वीचे कागद नीट लावलेले असावेत आणि ऐनवेळी कामी यावेत, तसाच हा प्रकार.

अर्थात आक्षेपही आले. आरंभीची हवा मिथेन-अमोनियाची नसून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांची असावी, असे पुढे बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत पडले. आणि तशा हवेत ही आम्ले फार अल्प मिळतात. पण एव्हाना वाट मोकळी झाली होती. १९६० साली ह्वान ओरो यांनी अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांच्या द्रावणातून ॲडेनिन मिळविले. हे आनुवंशिकतेच्या लिपीतील एक अक्षर. आणि हिशेबाने पाहिले तर सायनाइडचे पाच रेणू जोडले की ॲडेनिनचा एक रेणू होतो. समुद्रमंथनात हलाहल निघाले होते. येथे हलाहलातून जीवनाचे अक्षर निघाले!

आपल्या देशातही प्रयत्न झाले. अलाहाबाद विद्यापीठातील कृष्ण बहादूर यांनी १९५४ साली प्रकाशाच्या साहाय्याने अमिनो आम्ले बनविल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी सूक्ष्म गोलक तयार करून त्यांना ‘जीवाणू’ म्हटले आणि ते सजीव असल्याचे प्रतिपादिले. हा दावा शास्त्रज्ञांना मान्य झाला नाही. आपल्या माणसाविषयी अभिमान बाळगावा, पण दावा आणि सिद्धी यांतील अंतर तेथेही विसरू नये.

मणी मिळाले, अक्षरे मिळाली. मग अडले कोठे? प्रथिने घडविण्यास आनुवंशिक लिपी लागते, आणि ती लिपी वाचण्यास प्रथिने लागतात. आधी कोण? १९८० नंतरच्या काही वर्षांत टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखविले की आरएनए हा रेणू लिपी तर असतोच, पण प्रथिनांसारखी रासायनिक कामेही करू शकतो. १९८९ साली दोघांना नोबेल मिळाले. मग तो आरएनए तरी प्रथम कसा झाला? २००९ साली मँचेस्टर येथे जॉन सदरलँड यांच्या गटाने त्याचे दोन घटक साध्या द्रव्यांपासून मिळविण्याचा मार्ग दाखविला. मात्र त्यासाठी शास्त्रज्ञाने योग्य वस्तू योग्य क्रमाने घालाव्या लागतात. आदिम डबक्यापाशी असा कोणी आचारी उभा नव्हता.

एक गोष्ट मात्र आता निश्चित आहे. हे मणी घडण्यास पृथ्वीच लागते असे नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली. ती शोधणाऱ्यांत श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नाम्पेरुमा होते. बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे १२१ ग्रॅम माती पृथ्वीवर आणण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की, आपल्या प्रथिनांतील वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि आनुवंशिक लिपीची पाचही अक्षरे तीत आहेत. ‘लघुग्रहावर जीव सापडला’ अशी बातमी कोणी ऐकविली तर त्यास इतकेच सांगावे, की विटा सापडल्या, घर नव्हे.

आणि त्या विटांतही एक कोडे आहे. अमिनो आम्लांचे रेणू डाव्या व उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात. आरशातील प्रतिमेप्रमाणे सारखे, तरी एकावर एक न बसणारे. मिलरच्या चंबूत दोन्ही समसमान निघाले. बेन्नूच्या मातीतही जवळजवळ समसमान. आपल्या देहातील प्रथिने मात्र डाव्या हाताच्या आम्लांचीच बनतात. समोरच्या वडाची तशीच, चिलिकेतल्या मासोळीचीही तशीच. ही निवड केव्हा आणि कशाने झाली, याचा शोध प्रयोगशाळांतून अजून चालू आहे.