दुष्काळ का पडतो?



'यंदा पाऊस का पडला नाही?' असे एखाद्या मुलाने वर्गात विचारले, तर 'देवाची मर्जी' एवढे सांगून शिक्षकाने थांबू नये. आटलेली विहीर आणि छावणीत गेलेली जनावरे ज्याने पाहिली, त्याला कारण समजलेच पाहिजे.

पहिला पाठ सातारा जिल्ह्याच्या नकाशावर घेता येईल. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात त्याचा दशांशही पडत नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीमुळे वर चढतात, थंड होतात व तेथेच पाणी टाकतात. पूर्वेस उतरताना ते तापून कोरडे होतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश होय.

परंतु ही स्थिती कायमची आहे; मग एखादेच वर्ष अधिक वाईट का? त्याचे एक कारण दूरच्या प्रशांत महासागरात आहे. तेथील पूर्वेकडचे वारे मंदावले की उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते व भारतावरील मोसमी वारे दुर्बल होण्याचा संभव वाढतो. यास 'एल निनो' म्हणतात. १८७७, १९७२ व २०१५ या दुष्काळी वर्षांत तो होता. मात्र १९९७ साली तो प्रबळ असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. म्हणून 'संभव' हा शब्द मुलांना नीट समजावून द्यावा.

तिसरे कारण मनुष्यनिर्मित आहे. कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी तापत आहे. १८५०-१९०० च्या मानाने २०११-२०२० या दशकाचे तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जमिनीतील ओल लवकर उडते, आणि पाऊस पडतो तेव्हा धो धो कोसळण्याकडे त्याचा कल वाढतो. असे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. वर्षाची बेरीज पुरी दिसते, पण दोन पावसांतील उघडिपीत पीक करपते. तथापि प्रत्येक दुष्काळाचे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही.

हे सर्व प्रयोगाने दाखविता येते. कोरड्या मातीचे दोन सारखे उतार करावेत. एकावर तांब्याभर पाणी एकदम ओतावे, दुसऱ्यावर तेवढेच हळूहळू शिंपडावे. कोठे अधिक मुरले, हे मुलांनीच उकरून पाहावे.

तसेच शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांकडून नोंद करवावी. नोंदवहीत एकूण पावसाबरोबरच पावसाचे दिवसही मोजावेत, २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तो पावसाचा दिवस. अशी वही दहा वर्षे नेमाने चालली, तर पाणी कोठे अडवावे व कोणते पीक घ्यावे याचा विचार करताना गावाला स्वतःच्या शिवाराचा आधार मिळेल. वर्ग बदलले, शिक्षक बदलले, तरी तिच्यात खंड पडू देऊ नये.