कुणाला सांगायचं, ते तिनंच ठरवायचं

एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही, हे आशाताईंनी आपल्याला पुष्कळदा सांगितलंय. मी आज त्याच्या पुढचं बोलणार आहे. तपासणीत एचआयव्ही निघाला, तर बाईनं ते सांगायचं कुणाला?

एका गटातली ताई मासिक मीटिंगला वरचेवर गैरहजर राहायची. औषधं आणायला जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात जायची तारीख नेमकी तेव्हाच यायची. दंड बसायचा, ती मुकाट्यानं भरायची. औषधं फुकट असतात, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? तिनं औषधोपचारासाठी कर्ज मागितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कसला आजार, ते वहीत लिहावं लागेल." आता ही वही पुढच्या मीटिंगला मोठ्यानं वाचतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ताई कर्ज नको म्हणाली आणि सावकाराकडून शेकडा पाचनं पैसे घेऊन आली. तिला विचारूनच मी हे सांगतेय.

अध्यक्षबाई काही वाईट नाहीत. पण तो प्रश्न विचारायचा हक्क त्यांना नव्हता. एचआयव्हीबाबत २०१७ साली कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोर्टाचा आदेश नसेल, तर कुणालाही आपला आजार सांगायची सक्ती करता येत नाही. गटाला नाही, सासरच्यांना नाही, मालकालाही नाही.

नवऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची तपासणी व्हायला हवी, मुलांचीही. शिवाय आपल्यापासून जोडीदाराला लागण होऊ नये याची काळजी घेणं कायद्यानंही आपल्यावर आहे. पण घरी एकटीनं, तो पिऊन आलेला असताना वगैरे, अजिबात सांगू नका. ग्रामीण रुग्णालयात जिथं एचआयव्हीची तपासणी होते, तिथं समुपदेशक असतात. दोघांनी जावं, त्यांच्यासमोर बोलणं व्हावं. मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी खरी भीती असेल, तर समुपदेशकानं नवऱ्याला परस्पर सांगायचं नाही, असं कायदाच म्हणतो. म्हणून ती भीती त्यांच्यापाशी आधी बोला. बऱ्याचदा आजार नवऱ्याकडून आलेला असतो आणि बोल मात्र बाईला लागतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

बाकी माणसांत एक तरी आपलं असावं. आई, बहीण, जाऊ, कुणीही. गोळ्या रोज घ्यायच्या असतात, आयुष्यभर. घरात लपवून खाताना त्या चुकतात. नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका कमी होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण माणूस आधी पारखा. दुसऱ्या कुणाच्या आजाराचा विषय काढा, ती काय बोलते ते ऐका. ती जर गावभर सांगत सुटणारी असेल, तर तिथंच थांबा. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

त्या गटानं आता ठराव केलाय. आधी निरोप दिला तर गैरहजेरीला दंड नाही, कारण विचारायचं नाही. कर्जाच्या कारणात 'औषधोपचार' एवढंच लिहायचं. तुमच्याही येत्या मीटिंगला हा विषय घ्या. कुणाच्या नावानं नको, नुसता नियम म्हणून घ्या.

कुणाला एकटीनं विचारायचं असेल, तर १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, नावही सांगावं लागत नाही.