विमान आपलं, इंजिन कुणाचं?



दिवस मावळून गेला तरी मांडवात रुमाल फिरताहेत. आजच्या विषयाला हे हवामान साजेसंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हवा विरळ होते आणि जेट इंजिनाचा जोर घटतो. थंड मुलुखात मिळणारा जोर विदर्भाच्या दुपारी मिळत नाही. म्हणून बंगळुरूच्या जीटीआरईनं, म्हणजे गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटनं, कावेरी इंजिन आखताना आपल्या उन्हाळ्यातही जोर टिकला पाहिजे असं ठरवूनच सुरुवात केली.

ही संस्था १९५९ साली कानपूरला हवाई दलाच्या तळावर सुरू झाली. दोनेक वर्षांत तिथल्या मंडळींनी हजार किलो जोराचं छोटं इंजिन चालवून दाखवलं आणि १९६१ मध्ये बिऱ्हाड बंगळुरूला हललं. त्याच वर्षी १७ जूनला हिंदुस्थान एअरक्राफ्टचं ‘मरुत’ लढाऊ विमान प्रथम उडालं. आखणारे होते जर्मन अभियंते कुर्ट टँक. विमान देखणं, पण इंजिन तोकडं. मनात धरलेलं जास्त जोराचं ब्रिटिश ऑर्फियस पूर्ण करायला तिकडची कंपनी पैसे मागत होती. आपण दिले नाहीत. मग साध्या ऑर्फियसवरच भागवलं. मधे इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर यांनी बनवलेलं इंजिनही मरुतला लावून पाहिलं, तोही प्रकल्प इजिप्तनं गुंडाळला. जीटीआरईनं ऑर्फियसला पुनर्दहनाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूत पुन्हा इंधन जाळून जोर वाढवायची, जोड दिली. त्या मरुतच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले.

देशी आरेखकाच्या विमानांचीही हीच गत. आपल्या कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे गुरू प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. त्यांचं एचटी-२ विमान १९५१ मध्ये उडालं, किरण १९६४ मध्ये. दोन्हींच्या नाकात किंवा पोटात इंजिन मात्र ब्रिटिशच. किरणसाठी २५०० पौंड जोराचं देशी इंजिन तयार झालं होतं. ते सेवेत कधी आलंच नाही.

सोव्हिएत मंडळींची तऱ्हा वेगळी. तिथे इंजिनाचा कारखाना वेगळा आणि आराखड्याचा ब्यूरो वेगळा. सुखोईच्या ‘एएल-३१’ इंजिनाच्या नावातली पहिली दोन अक्षरं म्हणजे आर्खिप ल्युल्का, ब्यूरोचे मुख्य आरेखक. आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बनायची, इंजिनं ओडिशातल्या कोरापूटहून यायची आणि कागद मॉस्कोहून. कागदावर माप असतं. हेच माप का, हे नसतं. ते ब्यूरोत बसलेल्यांच्या डोक्यात राहतं. परवान्यानं हजारो इंजिनं केली तरी हे ‘का’ आपल्या हाती येत नाही. परवाना घेऊ नये असं मी म्हणत नाही. हवाई दलाला थांबायला सवड नव्हती.

या ‘का’चा एक मासला देतो. टर्बाइनचं पातं तळहातात मावतं. कावेरीत त्याच्यावर येणारा वायू चौदाशे अंशांच्या आसपास असतो आणि पात्याचा निकेल मिश्रधातू त्याच्या आधीच वितळू लागतो. म्हणून पातं आतून पोकळ ठेवतात, त्यात हवा खेळवतात. गंमत अशी, की ही ‘थंड’ हवाच चारपाचशे अंश तापलेली असते! पातं ओतायची रीत पंचधातूच्या मूर्तीसारखीच: आधी मेण, वर साचा, मेण वितळवून धातू. पण आतल्या नळ्यांसाठी मेणात सिरॅमिकचा गाभा ठेवावा लागतो आणि पुढे तो रसायनात विरघळवून काढावा लागतो. धातू गोठताना त्याचे कण कोणत्या दिशेला वाढतात, यावर पात्याचं आयुष्य ठरतं. हे तंत्र कुणी सहजासहजी विकत देत नाही.

कावेरीला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, ती तेजस या हलक्या लढाऊ विमानासाठी. हवा होता ८१ किलोन्यूटन जोर. चाचण्यांत मिळाला सत्तरच्या आसपास. वजन ११०० किलोऐवजी १२३५ भरलं. ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं ते अमेरिकन जीई-४०४ वर, आणि २००८ मध्ये कावेरीची तेजसशी सोडचिठ्ठी झाली.

वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘फसलं’ म्हटलं. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट खुपते. मरुतचं इंजिन मरुतबरोबर संपलं, किरणचं किरणच्या वाटेवर राहिलं, कावेरीला तेजसच्या वेळापत्रकाला जुंपलं. विमानापेक्षा इंजिन पिकायला जास्त वर्षं लागतात, हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी एका विमानाचं नाव दिल्याशिवाय आपण पैसा मंजूर केला नाही. विमान पुढे गेलं की आराखडा करणारी माणसंही पांगली. सोव्हिएत ब्यूरोंत विमानं बदलत, मंडळी तीच राहत.

शिवाय चाचणीची सोय. उंचावरची विरळ, गार हवा जमिनीवर तयार करणारी मोठी प्रयोगशाळा आपल्याकडे नव्हती, की इंजिन टांगून उडवायला विमान नव्हतं. ३ नोव्हेंबर २०१० रोजी कावेरी प्रथम आकाशात गेलं ते मॉस्कोजवळ, रशियाच्या आयएल-७६ विमानाला लावून. आता पुनर्दहनाविना कावेरीचा अवतार वैमानिकरहित विमानासाठी घडतो आहे, आणि त्याच्या चाचण्यांसाठीही आपले अभियंते रशियाची वाट धरताहेत.