जुन्या लाकडाचा नवा काउंटर



गोव्यात एखादे जुने घर उतरवले जाते, तेव्हा कौलांना गिऱ्हाईक मिळते, चिऱ्यांनाही मिळते. लाकडाचे दैव मात्र निश्चित नसते. त्यातील काही जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जाते, तर काही चुलीखाली. सागवानाची तुळई, फणसाची फळी, दाराची रुंद चौकट यांना दुसरा जन्म देण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांतून घरातील बैठकीसाठी बारचा काउंटर करणे. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पण गोव्यात आल्यागेल्याचे स्वागत पेल्याने करण्याची रीत जुनी आहे. बडोद्याच्या श्रोत्यांसाठी सांगतो, की गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. पण कोकमाच्या सरबतालाही असा काउंटर तितकाच शोभतो.

'जुने ते सोने' ही म्हण लाकडाच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. जुन्या सागाचा गाभा घट्ट, तेलकट आणि टिकाऊ असतो. परंतु गाभ्याभोवतीचे फिकट लाकूड भुंग्याला फार आवडते. म्हणून तुळई घेताना तिच्याखाली पिठासारखा भुसा पडतो का, ते पाहावे. भिंतीत गाडलेली टोके पेचकसाने टोचावीत. टोक आत रुतले, तर तेवढा भाग निःसंकोच कापून टाकावा. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे द्रावण पाजून ते पुरते वाळू द्यावे. मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. आत मोडून राहिलेला एकच खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो.

जुना रंग खरवडताना अधिक सावध राहावे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. तो ओला करून, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून काढावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

आता मापे. स्वयंपाकघरातील ओट्याची उंची साधारण ३४ इंच असते. बारच्या काउंटरची ४२ इंच, कारण उभ्या माणसाला त्यावर कोपर टेकता आले पाहिजे. समोरची बैठक सुमारे ३० इंच उंच ठेवावी. वरची फळी पाहुण्याच्या बाजूला ९-१० इंच पुढे काढावी, म्हणजे गुडघे आपटत नाहीत. फरशीपासून ७-८ इंचांवर पाय ठेवण्यासाठी आडवा दांडा हवा. तुळयांचे पाय, वाशांच्या आडव्या पट्ट्या आणि दाराच्या फळ्यांचा दर्शनी भाग, अशी वाटणी सोयीची पडते.

लाकूड वाळले म्हणून ते निश्चल झाले, असे मात्र समजू नये. शंभर वर्षांची फळीही पावसाळ्यात रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. म्हणून कामाला लावण्यापूर्वी ती काही आठवडे त्याच खोलीत ठेवावी. वरची फळी खालच्या सांगाड्याला बसवताना स्क्रूची भोके लांबट करावीत. फळीला हलायला जागा ठेवली नाही, तर ती स्वतःच चिरून जागा करून घेते.

पॉलिशचा प्रश्न या वस्तूपुरता विशेष आहे. आपले परंपरागत पॉलिश लाखेच्या चपड्याचे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि फेणीत अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा सांडलेल्या फेणीचा डाग लाखेच्या पॉलिशवर पडणार, हे ठरलेलेच. दर्शनी बाजूला चपडा खुशाल लावावा. वरच्या पृष्ठभागाला मात्र पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर बारीक काचकागद फिरवावा.

आता मुख्य गोष्ट. जुन्या लाकडाला भाव आला, की उभी घरेही बाजारात येऊ लागतात. गोव्यात कितीतरी घरे अनेक वारसांच्या नावे आहेत. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, कोणी लंडनला. दाराला कुलूप, छपराकडे लक्ष नाही, एक कौल सरकते, पाणी वाशात मुरते. अशा घराची दारे-खिडक्या आधी विकल्या गेल्या, तर उरलेले घर पावसाच्या स्वाधीन होते. आपल्या हौसेने त्याला हातभार लावू नये. लाकूड कुठून आले, हे व्यापाऱ्याला विचारावे, पावती मागावी, उत्तर टाळले गेले, तर परत फिरावे. ज्या दाराला अजून आपले घर आहे, ते दार तिथेच राहू द्यावे.

काउंटर पूर्ण झाल्यावर बिजागरीच्या खाचा आणि कडीची भोके लांबी भरून बुजवू नका. ती त्या लाकडाची ओळख आहे. आणि फळीच्या खालच्या अंगाला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, ते घर कोणत्या गावचे होते आणि कोणत्या साली उतरवले, एवढे दोन शब्द लिहून ठेवा. पुढे कधी हा काउंटरही कोणी मोडायला घेतला, तर त्याला ते उपयोगी पडतील.