चैत्रगौरीचं बोलावणं कोणाकोणाला?

आजचा भाग छोटाय. ठाण्याला स्लो लोकल पकडलीत तर मुलुंड-नाहूरपर्यंत ऐकून होईल.

चैत्र म्हटलं की आपल्याला आधी आठवते पाडव्याची स्वागतयात्रा. मूळ कल्पना डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाची, १९९० च्या दशकाच्या अखेरची. मग ठाण्यात कौपीनेश्वर मंदिराची सुरू झाली, गिरगावातही झाली. नऊवारी, फेटे, ढोल, लेझीम आणि हो, रील्स. मला आवडते यात्रा. पण दुपारपर्यंत सगळे घरी येऊन श्रीखंड-पुरी खाऊन झोपतात. शिवाय आम्हा कोपरीकरांना त्यासाठी रूळ ओलांडून पश्चिमेला जावं लागतं. आमच्या आजीला स्टेशनचा जिना चढवत नाही, म्हणजे तिची यात्रा मोबाईलवरच.

पण त्यानंतर जो महिना असतो ना, तो घरातला. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पितळी झोपाळ्यात बसते, ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्यात एक संध्याकाळ ठरवून हळदीकुंकू करायचं. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. डाळ सोपी आहे हो! हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा, भरड वाटा, कैरी किसून घाला, मीठ, साखर, वर हिंग-मोहरीची फोडणी. फक्त मिक्सरमध्ये पार गंध करू नका, दाताखाली यायला हवी.

आता मुद्द्याचं. हळदीकुंकवाची यादी करताना काही दारं आपण गाळतो. नवरा गेलेल्या बाईला बोलवायचं नाही. कोणी तोंडानं सांगत नाही, नुसती बेल वाजत नाही. वर्षभर जिच्याकडे किल्ली ठेवतो, पोरांना सोडून ऑफिसला जातो, त्या काकूंचं दार त्या दिवशी बंद. नंतर पन्ह्याचा ग्लास पाठवून देतो आणि आपल्याला वाटतं, केलं की आपण!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा वारल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. आपण पडलो महापालिकेत, आपल्याकडे कुठली ग्रामसभा? आपल्याकडे सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी त्याच ग्रुपवर मेसेज गेला : 'सगळ्या बायकांना आमंत्रण, वेळ रात्री आठ.' आठ यासाठी, की सहाला गाडीतच असतात सगळ्या. दोन ज्येष्ठ मावशी आल्या नाहीत. त्यांच्याशी भांडण नको, त्यांना तसंच शिकवलं गेलंय. पण खरी अडचण वेगळीच निघाली. काकूच म्हणाल्या, "मला नको गं, उगाच कोणाच्या मनात यायचं." सवाष्णींनी नाही म्हणणं एक वेळ सोपं, हे फार कठीण. मेसेजनं काम होत नाही. आईनं दोनदा जाऊन बोलावलं, तिसऱ्यांदा सांगितलं, "डाळीला मीठ-साखर तुम्हीच बघा, माझ्या अंदाजाचं काही खरं नाही." तेव्हा आल्या. कुंकू लावायचं का, ते त्यांनाच विचारलं. नको म्हणाल्या, हळद लावून घेतली. मला हे बरं वाटलं. पुरोगामी दिसायच्या नादात त्यांच्या कपाळाचा निर्णयही आपणच घ्यायचा, असं नको.

समोरच्या सिंधी आंटीही आल्या. फाळणीनंतर कोपरीत येऊन वसलेली कितीतरी सिंधी कुटुंबं आहेत. पाडव्याच्या आसपासच त्यांचा चेटीचंड, तेव्हा आमच्याकडे त्यांच्या घरून गोड भात, ताहिरी येते. आंटींना आंब्याची डाळ जाम तिखट लागली, तरी डबा भरून नेली!

यंदा मुलग्यांकडे कैऱ्या किसायचं काम दिलंय. किसणी एकच आहे, त्यामुळे आत्तापासून भांडणं चाललीत. तुमच्याकडे यादी कोण करतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. चला, नाहूर आलं असेल.