भरलेले पोट आणि उपाशी देह
(व्याख्यान)



पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागरमध्ये आज शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. तरीही या परिसराचा अश्वाशी असलेला संबंध सुटलेला नाही. लग्नसराईत वरातीपुढे घोडी चालते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीस विसावते, त्या सोहळ्यात अश्वाचा मान असतोच. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या भागात मेंढ्यांच्या कळपामागे धनगरांचा संसार भीमथडी घोड्यांच्या पाठीवरून फिरत आला आहे. या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद 2023-24 मध्ये झाली.

अशा एखाद्या घोड्याचे पोट गोल, खाली लोंबलेले दिसले की पाहणारा म्हणतो, ‘चांगले खातेपिते जनावर आहे.’ परंतु नजर पोटावरून वर नेली तर पाठीचा कणा उठून दिसतो, फऱ्यांवर खळगे असतात, मान बारीक झालेली असते. म्हणजे पोट भरलेले आहे आणि देह मात्र उपाशी आहे. या विसंगतीचे कारण अनेकदा त्याच्या पुढ्यातील गवतातच सापडते.

घोडा हा गाय-बैलासारखा रवंथ करणारा प्राणी नव्हे. गाईच्या पोटात चारा प्रथम सूक्ष्मजीवांकडून आंबवला जातो आणि पुढे तेच सूक्ष्मजीव पचून तिला प्रथिने मिळतात. घोड्याचे जठर लहान, सुमारे 8 ते 15 लिटरचे असते. चारा आंबवण्याचे काम त्याच्या शरीरात लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात होते. तेथे तयार झालेल्या प्रथिनांचा त्याला फारसा लाभ होत नाही. म्हणूनच ज्या पेंढ्यावर बैल तग धरतो, त्यावर घोडा खंगतो.

गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर त्यात पाने अधिक आणि सत्त्व चांगले असते. बी झडून गेल्यावर कापलेल्या गवतात काष्ठतंतू वाढतात व प्रथिने घटतात. आपल्याकडे मारवेल, पवन्यासारखे डोंगरी गवत फुलोऱ्यावर येते तेव्हा पाऊस पुरता उघडलेला नसतो. वाळवण्याची सोय नाही म्हणून कापणी लांबते. मावळात भाताचा पेंढा मुबलक आणि स्वस्त, म्हणून तोही घोड्यापुढे पडतो. असा राठ चारा मोठ्या आतड्यात सावकाश आंबतो, दीर्घकाळ साठून राहतो आणि पोट खाली ओढतो. दुसरीकडे, प्रथिने अपुरी पडल्यामुळे पाठीचे व पुठ्ठ्याचे मांस झिजते. त्यात पाणी कमी पडले किंवा दात झिजून चर्वण नीट झाले नाही, तर चारा आतड्यात घट्ट बसून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे हे दुखणे प्राणावर बेतू शकते.

मोठे पोट प्रत्येक वेळी चाऱ्यामुळेच असते असेही नाही. जंत, गाभण असणे, वय, व्यायामाचा अभाव ही कारणेही असतात. म्हणून पशुवैद्याकडून शेणाची व दातांची तपासणी आधी करून घ्यावी. घोड्याची देहस्थिती मोजण्यासाठी अमेरिकेतील डॉ. हेन्नेक यांनी 1983 मध्ये 1 ते 9 गुणांची पद्धत मांडली. तिच्यात मान, खांद्यांमधील उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचा बुंधा अशा सहा जागा हाताने चाचपून पाहतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या सहांमध्ये पोट नाही! 5 गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात.

उपाय अवघड नाहीत. घोड्याला दररोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो; 300 किलोच्या घोड्यास साडेचार ते सहा किलो. तो दोन वेळा ढीग टाकून न देता दिवसभरात विभागून द्यावा. हिरवट, पानेदार, सुवासिक गवत निवडावे. बुरशी आलेले वा धुळीचे गवत स्वस्त मिळाले तरी घेऊ नये; त्याने खोकला व दमा जडतो. राठ गवताशिवाय पर्याय नसेल तर त्यास लसूणघासाची जोड द्यावी. चाऱ्यातील बदल मात्र दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

दात्यांनी येथे एक विचार करावा. कापड गठ्ठ्याच्या वजनावरून घेतले जात नाही, पोत पाहून घेतले जाते. चाऱ्याच्या देणगीत मात्र गाडी किती भरली हेच विचारले जाते; कापणी कधीची, पाने किती, हे कोणी विचारत नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. पुढ्यात चारा आहे, पण त्यात अन्न नाही, अशी स्थिती त्या निरोधाहून किती दूर आहे? मुके जनावर तक्रार करीत नाही. त्याची पाठच ती सांगत असते. ती पाठ हाताने चाचपण्याची सवय प्रत्येक पांजरपोळात आणि प्रत्येक घोडेवाल्याकडे रुजली, तर जीवदयेच्या निधीतला प्रत्येक रुपया जनावराच्या अंगी लागेल.

जय जिनेंद्र!