सर्पगंधा: गुण आणि धोका एकाच मुळीत



१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध छापून आला. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेची मुळी दिल्यावर काय घडलं, याची काटेकोर नोंद त्यात होती. रक्तदाबावर भरवशाचं औषध तेव्हा जवळपास नव्हतंच. जगाचं लक्ष या गुडघाभर उंचीच्या झुडपाकडे वळलं आणि १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. खरं तर १९३१ मध्येच गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते, उन्माद शमवते, असं लिहून ठेवलं होतं. त्याकडे वेळीच पाहिलं गेलं नाही, याची मला आजही रुखरुख वाटते.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. खरी मेख इथेच आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायनं साठवलेली असतात. रिसर्पिन ही साठवणच बंद पाडतं. नॉरअ‍ॅड्रेनालिन आटलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण त्याच हिशेबात बाकीची दोन्ही आटतात. मग नाक चोंदतं, नाडी मंदावते, पोटात आम्ल वाढतं, मन खचतं. मात्रा चढली तर शरीर कंपवाताच्या रोग्यासारखं ताठरतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेले ससे, डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्या प्रयोगातून खुली झाली आणि २००० साली कार्लसन नोबेलचे मानकरी ठरले. ज्या क्रियेने ही मुळी रक्तदाब उतरवते, त्याच क्रियेने ती माणसाला आजारीही पाडते; गुण ठेवून दोष तेवढा काढून टाकता येत नाही.

म्हणून सगळा प्रश्न मात्रेचा. गोळीतून रिसर्पिन देतात ते दिवसाला साधारण पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. मुळीत ते किती उतरेल, हे झाडाचं वय, जमीन आणि हंगाम ठरवतात. दुकानातून पुडी आणायची आणि झोप लागावी म्हणून रात्री चमचाभर चूर्ण घ्यायचं, हे मला अजिबात मान्य नाही. नाडी पाहून, प्रकृती विचारून मात्रा ठरवणाऱ्या वैद्यांबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो आहे ते ऐकीव सल्ल्यावर परस्पर घेतलेल्या चूर्णाबद्दल. शिवाय याचा परिणाम सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो. घेणं थांबवल्यावरही तो कित्येक दिवस अंगात राहतो.

ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलं आहे, ज्यांना अल्सर आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी या मुळीच्या वाटेला जाऊच नये. रक्तदाबाच्या चालू गोळ्या बंद करून ही मुळी सुरू करू नका. आणि घरात कुणी ती घेत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची डबी सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ठेवा.